सगळ्यांना मिळून एकच: एएसपी डॉट नेट कोअरमध्ये सिंगलटन सर्व्हिस नोंदवताना

एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये नवा प्रकल्प तयार केला की प्रोग्रॅम डॉट सीएस ही फाइल जेमतेम दहा-बारा ओळींची असते. काम वाढत जातं तशी ती फुगते आणि तिच्यात 'अ‍ॅडसिंगलटन', 'अ‍ॅडस्कोप्ड', 'अ‍ॅडट्रान्झिएंट' अशा ओळींची रांग लागते. कोणता क्लास (म्हणजे सर्व्हिस) मागितल्यावर बनवून द्यायचा आणि त्याचा ऑब्जेक्ट किती काळ ठेवायचा, हे या ओळी फ्रेमवर्कच्या डिपेंडन्सी इंजेक्शन कंटेनरला सांगतात. टीममध्ये नव्यानं आलेला डेव्हलपर बहुतेक वेळा वरची ओळ कॉपी करतो, क्लासचं नाव बदलतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, डेमोही नीट पार पडतो. घोळ होतो तो नंतर, एकाच वेळी पन्नास माणसं साइटवर आली की. एकाची माहिती दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसते, किंवा ऐन गर्दीत डेटाबेसची कनेक्शनं संपतात, आणि लॉग चाळून चाळून कारण सापडत नाही.

'अ‍ॅडसिंगलटन' लिहिताना तुम्ही दोन गोष्टींची हमी देत असता. या ऑब्जेक्टमध्ये कोणा एका वापरकर्त्याचं काहीही साठून राहणार नाही, ही पहिली. आणि एकाच क्षणी कितीही थ्रेडांनी (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) त्याला हात लावला तरी तो बिघडणार नाही, ही दुसरी. कंटेनर यातलं काहीच तपासून बघत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणून ती ओळ लिहिण्याआधी आणि लिहिल्यावर काय काय बघायचं, ते इथे क्रमानं सांगतो.

उदाहरण म्हणून एका सार्वजनिक वाचनालयाचं वेब अ‍ॅप धरू. सभासद लॉगिन करतात, पुस्तकं शोधतात, घेतात, उशीर झाला की दंड भरतात. आपल्याकडे 'पुस्तकसूची', 'दंडदर', 'दंडमोजणी', 'स्मरणसेवा' असे क्लास आहेत. (सी-शार्पला देवनागरीतली नावं चालतात, कंपायलर तक्रार करत नाही. टीमला चालतील का, ते टीमला विचारा.)

पायरी १: तीन आयुर्मानं डोक्यात पक्की करा

कंटेनरमध्ये नोंदवलेली सर्व्हिस किती काळ जगते, याचे तीन प्रकार आहेत. ट्रान्झिएंट म्हणजे मागाल तेव्हा नवा ऑब्जेक्ट. स्कोप्ड म्हणजे एका स्कोपमध्ये एकच, आणि वेब अ‍ॅपमध्ये प्रत्येक रिक्वेस्टसाठी फ्रेमवर्क स्वतःहून एक स्कोप उघडतं आणि शेवटी बंद करतं. सिंगलटन म्हणजे पहिल्यांदा मागितल्यावर तयार होणारा आणि अ‍ॅप बंद होईपर्यंत सगळ्यांना तोच मिळणारा ऑब्जेक्ट.

जुन्या प्रकल्पात काम करत असाल तर याच ओळी स्टार्टअप डॉट सीएस फाइलमधल्या 'कॉन्फिगरसर्व्हिसेस' मेथडमध्ये सापडतील. नोव्हेंबर २०२१मध्ये डॉट नेट ६ आलं, तेव्हापासून नवीन टेम्प्लेटमध्ये ती फाइल नाही आणि सगळं प्रोग्रॅम डॉट सीएसमध्येच येतं. जागा बदलली, नियम तेच आहेत.

कोणतं आयुर्मान निवडायचं हे कळत नसेल तर स्कोप्ड निवडा. स्कोप्ड चुकलं तर थोडी मेमरी जास्त लागेल. सिंगलटन चुकलं तर एका सभासदाचा दंड दुसऱ्याच्या नावावर दिसेल.

पायरी २: क्लासमधली फील्ड एकेक करून वाचा

सिंगलटन करायचा क्लास उघडा आणि त्यातली फील्ड बघा. मेथडच्या आतले व्हेरिएबल नव्हेत, क्लासच्या पातळीवरची फील्ड. प्रत्येकाला विचारा: कन्स्ट्रक्टर संपल्यावर हे कोण बदलतं?

'दंडमोजणी' क्लासमध्ये कोणीतरी 'चालूसभासद' असं फील्ड ठेवलंय असं समजा. मेथड आधी त्या फील्डमध्ये सभासद क्रमांक भरते, मग 'अवेट' करून (थ्रेड न अडवता उत्तराची वाट बघून) डेटाबेसमधून थकीत पुस्तकं आणते, आणि शेवटी त्या फील्डमधल्या क्रमांकावर दंडाची पावती बनवते. क्लास सिंगलटन म्हणून नोंदवलेला आहे. आता सभासद ४१२ दंड बघायला येतो. फील्डमध्ये ४१२ जातं आणि कोड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबतो. तेवढ्यात सभासद ९७७ तेच पान उघडते. ऑब्जेक्ट तोच असल्यामुळे फील्डमध्ये आता ९७७ आहे. पहिल्या रिक्वेस्टचं उत्तर येतं, कोड पुढे सरकतो, फील्ड वाचतो, आणि ४१२च्या थकीत पुस्तकांवर ९७७च्या नावाची पावती तयार होते.

यात कुठेही एक्सेप्शन येत नाही. दोन्ही रिक्वेस्टना २०० हे यशाचं उत्तर जातं. तुमच्या लॅपटॉपवर एका ब्राउझरमधून कितीही वेळा रिफ्रेश करा, हे घडणार नाही, कारण एका वेळी एकच रिक्वेस्ट आत असते. कोड रिव्ह्यूमध्ये नजरेनंच पकडावी लागते अशी ही चूक आहे. म्हणून मी तरी सिंगलटनच्या रिव्ह्यूमध्ये आधी फील्डच वाचतो, लॉजिक नंतर.

यावर उपाय दोन. सभासद क्रमांक पॅरामीटर म्हणून मेथडला द्या आणि फील्ड काढून टाका. मग क्लास खुशाल सिंगलटन राहू दे. किंवा रिक्वेस्टभर माहिती धरून ठेवणं हेच त्या क्लासचं काम असेल, तर तो स्कोप्ड करा.

काही फील्ड मात्र सगळ्यांनी मिळून वापरण्यासाठीच असतात, आणि त्यासाठीच तर सिंगलटन हवा असतो. वाचनालयाचे दंडाचे दर घ्या: सगळ्यांना तेच लागतात, क्वचित बदलतात. इथे दुसरी हमी कामाला येते. नुसत्या वाचण्यानं काही बिघडत नाही. एक थ्रेड लिहीत असताना दुसरा वाचू लागला की प्रश्न येतो. साध्या 'डिक्शनरी'मध्ये दोन थ्रेडांनी एकाच वेळी भर घातली तर तिची आतली मांडणीच मोडू शकते.

दर किंवा सूची यांसारखी माहिती बदलायची असेल तर मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत अशी: जुन्या डिक्शनरीला हात लावायचाच नाही. नवी डिक्शनरी बाजूला पूर्ण भरायची आणि शेवटी एका ओळीत फील्डचा संदर्भ नव्या डिक्शनरीकडे वळवायचा. फील्डला 'व्होलाटाइल' लावा, म्हणजे सगळ्या थ्रेडांना नवा संदर्भ दिसेल. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी यादी मिळते किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. लॉकही लागत नाही. मेथडमध्ये वाचताना मात्र फील्ड आधी एका लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा, नाहीतर दोन ओळींच्या मध्ये यादी बदललेली असू शकते.

एकेक नोंद वाढवत जायची असेल तर 'कन्करंटडिक्शनरी' वापरा. पण एक लक्षात असू द्या. तिच्या 'गेटऑरअ‍ॅड'ला तुम्ही दिलेलं फंक्शन एकाच कीसाठी दोन थ्रेडांवर दोनदा चालू शकतं. साठवलं जातं एकच उत्तर, पण काम दोनदा होतं. ते काम महाग असेल तर किंमत म्हणून 'लेझी'मध्ये (पहिल्यांदा लागेल तेव्हाच एकदा काम करणाऱ्या प्रकारात) गुंडाळलेला ऑब्जेक्ट ठेवा. मोजणीसाठी प्लस-प्लस पुरत नाही, 'इंटरलॉक्ड डॉट इन्क्रिमेंट' लागतं. आणि 'लॉक'च्या आत 'अवेट' लिहिता येत नाही, कंपायलरच अडवतो. तिथे 'सेमाफोरस्लिम' घ्या, त्याचं 'वेटअसिंक' वापरा आणि 'रिलीज' न विसरता 'फायनली'मध्ये लिहा.

पायरी ३: कन्स्ट्रक्टरमध्ये कोण कोण येतंय ते बघा

बहुतेक नवख्यांची गाडी इथेच अडते, म्हणून जरा थांबू.

सिंगलटन एकदाच तयार होतो, म्हणजे त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आलेली प्रत्येक गोष्टही त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहते. तुम्ही तिला स्कोप्ड म्हणून नोंदवलं असलं तरी सिंगलटननं ती धरून ठेवली की तिचं आयुष्य सिंगलटनइतकंच झालं. एंटिटी फ्रेमवर्क कोअर (ईएफ कोअर) या डेटाबेस लायब्ररीचा 'डीबीकॉन्टेक्स्ट', म्हणजे डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट, हे याचं नेहमीचं उदाहरण. 'अ‍ॅडडीबीकॉन्टेक्स्ट' त्याला स्कोप्ड नोंदवतं, कारण तो एका वेळी एकाच थ्रेडनं वापरायचा असतो. 'पुस्तकसूची' सिंगलटन असेल आणि तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही डीबीकॉन्टेक्स्ट मागितला, तर सगळ्या रिक्वेस्ट त्या एकाच कॉन्टेक्स्टवर तुटून पडतात. आधीचं ऑपरेशन पूर्ण व्हायच्या आत याच कॉन्टेक्स्टवर दुसरं सुरू झालं, अशा अर्थाचं एक्सेप्शन लॉगमध्ये दिसलं की आधी हीच शंका घ्या. शिवाय तो कॉन्टेक्स्ट ट्रॅक केलेली प्रत्येक एंटिटी धरून ठेवतो, त्यामुळे मेमरीही चढत जाते.

डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये फ्रेमवर्क हे पकडतं. 'व्हॅलिडेटस्कोप्स' आणि 'व्हॅलिडेटऑनबिल्ड' हे दोन पर्याय तिथे आपोआप चालू असतात, आणि सिंगलटनमधून स्कोप्ड सर्व्हिस वापरता येणार नाही असा स्पष्ट एरर अ‍ॅप सुरू होतानाच येतो. प्रॉडक्शनमध्ये दोन्ही बंद असतात. एखाद्याच्या मशिनवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'प्रॉडक्शन' असेल किंवा काही सर्व्हिस फक्त प्रॉडक्शनमध्येच नोंदवल्या जात असतील, तर चूक थेट सर्व्हरवर पोहोचते. बिल्डरच्या 'होस्ट'वर 'यूझडिफॉल्टसर्व्हिसप्रोव्हायडर' बोलावून दोन्ही पर्याय स्वतः चालू करता येतात. निदान टेस्ट आणि स्टेजिंगमध्ये तरी ते चालू ठेवाच, असं माझं ठाम मत आहे. तरीही या तपासणीच्या दोन मर्यादा आहेत. लॅम्डा फंक्शन (ऑब्जेक्ट कसा बनवायचा ते सांगणारं, जागीच लिहिलेलं फंक्शन) देऊन नोंदवलेल्या सर्व्हिसच्या आत काय मागितलंय हे बिल्डच्या वेळी दिसत नाही, ते प्रत्यक्ष चालवल्यावरच कळतं. आणि सिंगलटनमध्ये अडकलेल्या ट्रान्झिएंटबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

मग सिंगलटनला डेटाबेस हवाच असेल तर? कन्स्ट्रक्टरमध्ये 'आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी' मागा. तो स्वतः सिंगलटन आहे, धरून ठेवायला हरकत नाही. काम करायच्या वेळी त्याच्याकडून 'क्रिएटअसिंकस्कोप'नं स्कोप उघडा, त्या स्कोपमधून डीबीकॉन्टेक्स्ट घ्या, काम उरका आणि 'अवेट यूझिंग'नं स्कोप बंद होऊ द्या. फक्त डीबीकॉन्टेक्स्टच हवा असेल तर ईएफ कोअर ५पासून 'अ‍ॅडडीबीकॉन्टेक्स्टफॅक्टरी' आहे, ते आणखी सुटसुटीत.

रोज रात्री थकबाकीदारांना एसएमएस पाठवणारी 'स्मरणसेवा' बघा. ती 'बॅकग्राउंडसर्व्हिस'पासून बनवून 'अ‍ॅडहोस्टेडसर्व्हिस'नं नोंदवली आहे. नावात सिंगलटन नसलं तरी ती सिंगलटनच आहे, म्हणून वरचा नियम तिलाही लागू. तिच्यात एक 'व्हाइल' लूप असतो. स्कोप त्या लूपच्या आत उघडायचा, प्रत्येक फेरीला नवा. लूपच्या बाहेर एकदाच उघडला तर तो अ‍ॅप बंद होईपर्यंत उघडा राहतो, आणि एवढं करून आपण होतो तिथेच राहिलो.

मिडलवेअरचंही, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या मधल्या कोडचंही, तसंच. नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेल्या मिडलवेअर क्लासचा ऑब्जेक्ट अ‍ॅपच्या आयुष्यात एकदाच बनतो. स्कोप्ड सर्व्हिस त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मागू नका, 'इन्व्होकअसिंक'च्या पॅरामीटरमध्ये मागा. तिथे ती त्या त्या रिक्वेस्टची मिळते.

सेटिंगच्या बाबतीत: 'आयऑप्शन्स' सिंगलटन आहे पण अ‍ॅप चालू असताना फाइल बदलली तरी जुनंच मूल्य देतो. 'आयऑप्शन्सस्नॅपशॉट' स्कोप्ड आहे, म्हणून सिंगलटनमध्ये चालत नाही. सिंगलटनला ताजं मूल्य हवं असेल तर 'आयऑप्शन्समॉनिटर' घ्या आणि दर वेळी त्याचं 'करंटव्हॅल्यू' वाचा. ते कन्स्ट्रक्टरमध्ये वाचून फील्डमध्ये ठेवलंत तर पुन्हा जुनंच मूल्य हातात राहील.

पायरी ४: नोंदवण्याची ओळ नीट लिहा

क्लास तपासून झाला, आता प्रत्यक्ष ओळ. इथले घोटाळे छोटे असतात पण वेळ फार खातात.

'पुस्तकसूची' हा क्लास 'आयशोध' आणि 'आयसूचीअद्ययावत' असे दोन इंटरफेस राबवतो असं समजा. तुम्ही दोन ओळी लिहिता: पहिल्या इंटरफेससाठी पुस्तकसूची सिंगलटन, दुसऱ्यासाठीही पुस्तकसूची सिंगलटन. कंटेनर दोन ऑब्जेक्ट बनवतो, कारण त्याच्या लेखी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मग एकीकडून सूची अद्ययावत होते आणि शोध दुसऱ्या, रिकाम्या सूचीत होत राहतो. बरोबर रीत अशी: आधी पुस्तकसूची हा क्लास स्वतःच्याच नावानं सिंगलटन नोंदवा. मग दोन्ही इंटरफेससाठी लॅम्डा द्या, आणि त्यात 'गेटरिक्वायर्डसर्व्हिस'नं तीच पुस्तकसूची परत करा.

एकाच इंटरफेसची नोंद दोनदा झाली तर एकटी मागणाऱ्याला शेवटची मिळते आणि 'आयएन्युमरेबल' मागणाऱ्याला सगळ्या मिळतात. तुम्ही इतरांसाठी लायब्ररी लिहीत असाल तर 'ट्रायअ‍ॅडसिंगलटन' वापरा, म्हणजे वापरणाऱ्यानं आधीच आपली सर्व्हिस नोंदवली असेल तर तुमची ओळ गप्प बसेल.

'बिल्ड' होण्याआधीच एखादी सर्व्हिस हवी म्हणून 'सर्व्हिसेस डॉट बिल्डसर्व्हिसप्रोव्हायडर' बोलावलेलं बऱ्याच प्रकल्पांत दिसतं. त्यानं एक दुसराच कंटेनर तयार होतो, आणि सिंगलटन 'एकच' असतो तो एका कंटेनरपुरता. तुमच्या हातात आलेला ऑब्जेक्ट आणि पुढे कंट्रोलरला मिळणारा ऑब्जेक्ट वेगळे असतात. स्टार्टअप कोडमध्ये हे लिहिलं की एएसपी शून्य शून्य शून्य शून्य या क्रमांकाची वॉर्निंग येते. ती दाबून टाकू नका. लॅम्डाला मिळणारा सर्व्हिस प्रोव्हायडर वापरून ते काम जवळपास नेहमीच होतं.

पायरी ५: पहिली रिक्वेस्ट येण्याआधी तयारी करा

सिंगलटन अ‍ॅप सुरू होताना बनत नाही, कोणीतरी मागितल्यावर बनतो. पुस्तकसूचीनं कन्स्ट्रक्टरमध्येच हजारो पुस्तकं वाचायला घेतली तर सकाळच्या पहिल्या वाचकाला पान उघडायला उशीर होतो, आणि त्याच वेळी आलेले बाकीचेही त्या एका ऑब्जेक्टसाठी खोळंबतात.

कन्स्ट्रक्टर हलका ठेवा. त्याच्यात 'असिंक' चालत नाही, आणि म्हणून लोक 'डॉट रिझल्ट' लिहून थ्रेड अडवून धरतात. ते टाळा. त्याऐवजी 'भरूनघ्या' अशी एक असिंक मेथड द्या. प्रोग्रॅम डॉट सीएसमध्ये 'बिल्ड' आणि 'रन' या दोन ओळींच्या मधली जागा याच कामाची आहे: तिथे अ‍ॅपच्या 'सर्व्हिसेस'मधून पुस्तकसूची मागा आणि तिच्या त्या मेथडवर 'अवेट' करा. फाइलमध्ये थेट वरच्या पातळीवर 'अवेट' लिहिता येतं. 'रन'ची ओळ येईपर्यंत एकही रिक्वेस्ट आत येत नाही.

भरणं फसलं तर काय, हे ठरवणं मात्र तुमच्या हातात आहे. दंडाचे दर मिळाले नाहीत तर अ‍ॅप सुरूच होऊ नये, कारण चुकीच्या दरानं लोकांकडून पैसे घेणं हे साइट बंद असण्यापेक्षा वाईट. मुखपृष्ठांच्या चित्रांची कॅश भरली नाही तर अ‍ॅप खुशाल सुरू व्हावं, ती नंतर भरेल. सगळ्याच सिंगलटनना एकच 'ट्राय-कॅच' लावून हा निर्णय टाळू नका.

पायरी ६: बाहेरची कनेक्शनं

एसएमएस पाठवायला बाहेरची वेब सर्व्हिस लागते, म्हणजे 'एचटीटीपीक्लायंट' आला. दर वेळी नवा बनवून टाकून दिला तर बंद झालेली सॉकेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही काळ अडकून राहतात आणि गर्दीत पोर्ट संपतात. एकच बनवून कायम ठेवला तर समोरच्याचा आयपी पत्ता बदलला तरी जुनं कनेक्शन चालूच राहतं. यासाठी एएसपी डॉट नेट कोअर २.१पासून 'आयएचटीटीपीक्लायंटफॅक्टरी' आहे. ती आतले हँडलर (प्रत्यक्ष कनेक्शन सांभाळणारे ऑब्जेक्ट) साठवून पुन्हा वापरते आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर २ मिनिटांनी बदलते.

आता पायरी ३ आठवा. 'अ‍ॅडएचटीटीपीक्लायंट'नं नोंदवलेला टाइप्ड क्लायंट (एचटीटीपीक्लायंट आत घेणारा आपला क्लास) ट्रान्झिएंट असतो. तो सिंगलटनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये घेतला की तोच क्लायंट, त्याच हँडलरसह, अ‍ॅप बंद होईपर्यंत राहतो आणि २ मिनिटांच्या बदलाचा काही उपयोग होत नाही. इशाराही येत नाही. सिंगलटनमध्ये फॅक्टरी धरा आणि कामाच्या वेळी 'क्रिएटक्लायंट' करा. नाहीतर 'सॉकेट्सएचटीटीपीहँडलर'वर 'पूल्डकनेक्शनलाइफटाइम' ठरवून दिलेला एकच क्लायंट कायम ठेवा. दोन्ही मार्ग बरोबर आहेत, पण एका प्रकल्पात एकच पाळा.

रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरसाठी स्टॅकएक्स्चेंज डॉट रेडिस ही लायब्ररी वापरत असाल तर त्यातला 'कनेक्शनमल्टिप्लेक्सर' सिंगलटनच करायचा. तो थ्रेडसेफ आहे आणि सगळ्यांनी मिळून वापरण्यासाठीच बनवलेला आहे. दर रिक्वेस्टला नवा मल्टिप्लेक्सर ही रेडिस मंद झाल्याच्या तक्रारीमागची फार नेहमीची गोष्ट आहे.

पायरी ७: 'एकच' म्हणजे एका प्रोसेसमध्ये एकच

वाचनालयानं दंडाच्या पावतीचा क्रमांक सिंगलटनमधल्या काउंटरवरून द्यायचं ठरवलं. 'इंटरलॉक्ड' वापरलं, थ्रेडांचं सगळं बरोबर. मग सभासद वाढले, दुसरा सर्व्हर आला, आणि दोन माणसांना एकाच क्रमांकाच्या पावत्या गेल्या. प्रत्येक प्रोसेसचा सिंगलटन वेगळा असतो. त्याच कारणानं स्मरणसेवा दोन्ही सर्व्हरवर चालते आणि थकबाकीदाराला दोन एसएमएस जातात.

आमचा सर्व्हर एकच आहे, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) मूळ सेटिंगमध्ये दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, अ‍ॅप पूल (अ‍ॅप चालवणारी प्रोसेस) नव्यानं सुरू करतं, आणि त्या वेळी जुनी व नवी प्रोसेस थोडा वेळ एकत्र चालू असतात. शिवाय २० मिनिटं कोणी फिरकलं नाही तर प्रोसेस बंद केली जाते. रात्री वाचनालयाच्या साइटवर कोण येणार? म्हणजे रात्रीची स्मरणसेवा चालायच्या वेळी ती जिवंतच नसण्याची शक्यता आहे, आणि सिंगलटनमधला काउंटर सकाळी पुन्हा शून्यावरून सुरू होईल.

जे हरवलं किंवा दोनदा झालं तर कोणाचं तरी नुकसान होईल, ते सिंगलटनमध्ये ठेवू नका. पावती क्रमांक डेटाबेसच्या सीक्वेन्सकडून घ्या. एसएमएस गेला की नाही याची नोंद डेटाबेसमध्ये करा, आणि एकाच सभासदाला एकाच दिवसासाठी दुसरी नोंद होणार नाही असं युनिक बंधन तिथेच घाला. सिंगलटनमध्ये फक्त पुन्हा तयार करता येईल अशीच माहिती असू दे.

पायरी ८: बंद होताना कोण आवरतं?

कंटेनरनं स्वतः बनवलेला सिंगलटन 'आयडिस्पोझेबल' असेल तर अ‍ॅप बंद होताना कंटेनरच त्याला 'डिस्पोझ' करतो, तेही बनवल्याच्या उलट क्रमानं. लॅम्डानं बनवलेलाही यात येतो. पण 'न्यू' करून तयार ऑब्जेक्ट तुम्हीच 'अ‍ॅडसिंगलटन'ला दिलात तर कंटेनर त्याला हात लावत नाही, आवरणं तुमच्याकडे. म्हणून फाइल किंवा कनेक्शन धरणाऱ्या क्लाससाठी तयार ऑब्जेक्ट देण्यापेक्षा लॅम्डा द्यावा.

चालू कामं संपवायला होस्ट (अ‍ॅप सुरू-बंद करणारा फ्रेमवर्कचा भाग) डॉट नेट ६पासून ३० सेकंद देतो, आधी ५ देत असे. पण डॉकरचा 'स्टॉप' आदेश लिनक्स कंटेनरला (इथे कंटेनर म्हणजे डॉकरचा, सर्व्हिस बनवणारा नव्हे) मुळात १० सेकंदच थांबतो आणि मग प्रोसेस मारून टाकतो. म्हणजे तुमचे ३० सेकंद कागदावरच राहतात. दोन्ही आकडे जुळवून घ्या, आणि स्मरणसेवेच्या लूपमध्ये मिळणारं कॅन्सलेशन टोकन (थांबण्याचा इशारा देणारा ऑब्जेक्ट) प्रत्येक 'अवेट'ला पुढे द्या, म्हणजे ती सांगितल्यावर लगेच थांबेल.

पायरी ९: दोन सभासदांची टेस्ट

'वेबअ‍ॅप्लिकेशनफॅक्टरी' वापरून संपूर्ण अ‍ॅप टेस्टमध्ये मेमरीतच उभं करता येतं, आणि तुमच्या खऱ्या प्रोग्रॅम डॉट सीएसमधल्या नोंदी वापरल्या जातात. एसएमएसची खरी सर्व्हिस 'कॉन्फिगरटेस्टसर्व्हिसेस'मध्ये बदलून नकली द्या. लक्षात ठेवा, एकच फॅक्टरी वापरणाऱ्या सगळ्या टेस्टना सिंगलटनही तेच मिळतात. एखादी टेस्ट एकटी पास होते आणि सगळ्यांबरोबर फेल, असं झालं तर बहुधा कुठल्या तरी सिंगलटनमध्ये आधीच्या टेस्टचं काहीतरी उरलेलं असतं. तेव्हा टेस्टचा क्रम बदलत बसू नका, तो सिंगलटन शोधा.

मग ही एक टेस्ट लिहाच. दोन सभासदांच्या नावानं दंडाच्या पानासाठी प्रत्येकी दोनशे रिक्वेस्ट तयार करा आणि 'टास्क डॉट व्हेनऑल'नं सगळ्या एकदम सोडा. नकली डेटाबेस सर्व्हिसमध्ये काही मिलिसेकंदांचा 'टास्क डॉट डिले' घाला, म्हणजे 'अवेट'पाशी रिक्वेस्ट खरोखर एकमेकींच्या पुढे-मागे होतील. आलेल्या प्रत्येक पावतीवरचा सभासद क्रमांक आणि पुस्तकं दोन्ही मागणाऱ्याचीच आहेत का, ते तपासा. फील्ड असलेली जुनी 'दंडमोजणी' परत घालून ही टेस्ट फेल होते का तेही एकदा बघून घ्या. होत नसेल तर डिले वाढवा.